तत्त्वज्ञान आमच्या वर्गापर्यंत आणणाऱ्या सरांना अनावृत आभारपत्र

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक एसटीने वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या आडगावी येतात आणि आमच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांशी दिवसभर बोलतात, असे आमच्याकडे सहसा घडत नाही. त्याबद्दल हे जाहीर आभार.

भूमिती न शिकलेल्या गुलाम मुलाला सॉक्रेटिस २ फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस शोधायला लावतो, हा प्लेटोच्या संवादातला प्रसंग आपण फळ्यावर उलगडला. मुलगा बाजू दुप्पट करतो, तर क्षेत्रफळ चौपट होते; ३ फूट घेतो, तर ८ ऐवजी ९ येतात; अखेर कर्णावरचा चौरस हे उत्तर निघते. ज्ञान म्हणजे आत्म्याचे स्मरण, हा प्लेटोचा निष्कर्ष मला अजूनही पटत नाही. मात्र सॉक्रेटिसचे प्रश्नच उत्तर सुचवत नाहीत ना, ही आपण काढलेली शंका मनात घर करून राहिली. आता पाठ टाचणातला प्रत्येक प्रश्न, मुलाला नुसते ‘हो सर’ म्हणून सुटता येईल का, या कसोटीवर मी तपासते.

हाच चौरस सहावीच्या मुलांना पटांगणात सुतळी आणि खुंट्यांनी आखायला दिला. बाजू दुप्पट करून मोकळ्या झालेल्यांना एक मुलगी म्हणाली, “हे त चार वावरं झाले न!” त्यानंतर मी गप्प राहिले. (शिक्षकाला गप्प राहणे किती जड जाते, हे प्रशिक्षणात कोणी सांगत नाही.)

आम्ही सेवाग्रामच्या परिसरातले. त्यामुळे १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेचा आणि नई तालीमचा, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण देण्याच्या गांधीजींच्या योजनेचा, गौरव भाषणांतून पुष्कळ ऐकलेला. आपण मात्र, उद्योगाच्या आर्थिक बाजूपायी शैक्षणिक उद्दिष्टांचा बळी जाऊ शकतो, हा ती योजना आखणाऱ्या झाकिर हुसेन समितीनेच दिलेला इशारा समोर ठेवला आणि प्रत्येक अनुभव शिक्षण देतोच असे नाही, हे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांचे म्हणणे त्याला जोडून दाखवले. ज्यांचे हात घरी निंदण-वेचणीत आधीच गुंतलेले आहेत, त्या मुलांच्या बाबतीत नुसते काम आणि शिकवणारे काम हा भेद पुस्तकी राहत नाही. शाळेच्या परसबागेत मुले आता तण उपटण्याआधी मोजतात, आच्छादन घातलेल्या आणि उघड्या वाफ्यांची तुलना करतात आणि फरक का पडला यावर कडाकडा भांडतात.

पालकसभेत “शाळेतही निंदणच काय?” असा रास्त प्रश्न आला, तेव्हा मुलांच्या नोंदवह्या पुढे ठेवता आल्या, याचे श्रेय आपले आहे. आपल्या टिपणाच्या छायाप्रती केंद्रातल्या सर्व शाळांना दिल्या आहेत.

आपली कृतज्ञ,
एक प्राथमिक शिक्षिका