रिपीटरच्या यादीवर तारीख हवी

प्रति,
मा. संपादक,

विषय : हॅम रेडिओ रिपीटरची तपासलेली यादी पावसाळ्यापूर्वी मिळावी.

स. न. वि. वि.

पावसाळ्यात आपल्या दैनिकात कोयना धरणाचा पाणीसाठा आणि विसर्ग रोज छापून येतो. आकड्याशेजारी तो सकाळी किती वाजताचा आहे तेही दिलेले असते. कृष्णाकाठचा माणूस आधी ती वेळ बघतो आणि मग आकडा, कारण कालच्या विसर्गाच्या भरवशावर आज कोणी नदीकाठी गुरे सोडत नाही. आम्हा हॅम रेडिओचालकांना, म्हणजे परवाना घेऊन हौसेने वायरलेस चालवणाऱ्यांना, मात्र रिपीटरच्या, म्हणजे आमचा आवाज लांबवर नेणाऱ्या डोंगरावरच्या यंत्रांच्या, ज्या याद्या मिळतात, त्यांत ही वेळच नसते. नोंद गेल्या महिन्याची आहे की दहा वर्षांपूर्वीची, हे समजायला काही मार्ग नाही. त्याबद्दलच हे पत्र आहे.

मी कराडचा निवृत्त विज्ञान शिक्षक. हॅम रेडिओचा परवाना माझ्याकडे बरीच वर्षे आहे. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये पत्नीसह चिपळूणला निघालो होतो. कराड, पाटण, कोयनानगर आणि पुढे कुंभार्ली घाट असा रस्ता. निघण्यापूर्वी एका यादीवरून वाटेतले चार रिपीटर वायरलेस सेटमध्ये भरून घेतले. घाटमाथा ओलांडून थोडे उतरलो आणि पुढे दरड आलेली दिसली. आमच्या पुढे एक मोटारसायकलस्वार मातीवरून घसरून पडला होता, पाय मोडला असावा. मोबाइलला रेंज नव्हती, जमलेल्या दहा-बारा जणांपैकी कोणाच्याच नाही. मी सेट बाहेर काढला. पहिले तीन रिपीटर मुके होते. बोलायचे बटण दाबून सोडले की चालू रिपीटर क्षणभर स्वतःची रिकामी रेडिओ लहर सोडत राहतो, त्याला आम्ही टेल म्हणतो. तिन्हींवर ती टेल आली नाही. चौथ्यावर चक्क दोन माणसे बोलताना स्वच्छ ऐकू आली. मी पुन्हा पुन्हा हाक दिली. ते आपापसात बोलत राहिले, एकमेकांना शुभरात्री म्हणाले आणि गेले. त्यांना माझा आवाज पोहोचतच नव्हता.

शेवटी निरोप एका दुधाच्या टेम्पोवाल्याने मागे फिरून कोयनानगरला नेला. मदत आली, त्या मुलाचा पाय वाचला. पण सव्वादोन तास तो पावसात रस्त्याकडेला पडून होता, आणि माझ्या हातात चालू सेट होता.

नंतर चिपळूणच्या एका स्नेह्याकडून कळले की त्या चौथ्या रिपीटरचा टोन, म्हणजे तो उघडणारा ठरावीक सूर, दोन वर्षांपूर्वीच बदलला होता. परवाना नसलेले लोक त्यावर गाणी वाजवत, म्हणून बदलणे भागच पडले. बदल करणाऱ्यांचे काहीच चुकले नाही. यादीत मात्र जुनाच टोन राहिला.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. रिपीटर म्हणजे डोंगरमाथ्यावर बसवलेले असे यंत्र की जे एका फ्रिक्वेन्सीवर ऐकते आणि तेच त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात पुन्हा सोडते. हातातला पाच वॅटचा सेट दरीतून फार लांब जात नाही, पण डोंगरावरच्या यंत्रापर्यंत पोहोचला की ते यंत्र आपला आवाज चार तालुक्यांत नेते. दोन मीटर नावाच्या फ्रिक्वेन्सी पट्ट्यात ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीत बहुधा ६०० किलोहर्ट्झचा फरक असतो. समजा रिपीटर १४५.६५० मेगाहर्ट्झवर ऐकू येत असेल, तर आपण बोलायचे १४५.०५० वर. याशिवाय आपल्या आवाजाच्या तळाशी कानाला न जाणवणारा एक बारीक सूर, म्हणजेच टोन, मिसळावा लागतो, ८८.५ किंवा १०३.५ हर्ट्झ असा एखादा. तो जुळला तरच दार उघडते. म्हणजे फ्रिक्वेन्सी बरोबर आणि सूर चुकला, तर सगळे ऐकू येते आणि आपण मात्र मुके. माझे तेच झाले. काही सेट समोरचा सूर शोधून देतात, पण रिपीटर स्वतः तो सूर बाहेर सोडत असेल तरच. अनेक रिपीटर सोडत नाहीत.

या याद्या कशा बिघडतात हे मी इतक्या वर्षांत जवळून पाहिले आहे. एखादा क्लब उत्साहाने यादी करतो. ती दुसरा उतरवून घेतो, त्याची तिसरा. मूळ क्लब आपल्या प्रतीत दुरुस्ती करतो, पण ती पुढच्या प्रतींपर्यंत पोहोचत नाही. बसवायचा विचार होता पण कधी बसलाच नाही, असा रिपीटरही यादीत वर्षानुवर्षे राहतो. वीज पडून जळालेलाही राहतो. रिपीटरला सरकारी परवाना लागतो, तेव्हा सरकारी नोंद तरी पक्की असेल असे कोणाला वाटेल. पण परवाना असणे आणि यंत्र आज चालू असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि हे रिपीटर चालवते कोण? बहुतेक ठिकाणी दोन-तीन माणसे, स्वतःच्या खिशातून. बॅटरी पाठीवर टाकून गड चढणारी माणसे मी पाहिली आहेत. वादळात अँटेना वाकते, केबलमध्ये पाणी शिरते, माकडे वायर ओढतात. सोलर पॅनेल असले तरी जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर आठवडाभर ढग आणि धुके असते, बॅटरी भरत नाही, आणि नेमकी तेव्हाच गरज लागते. म्हणून माझा रोख त्यांच्यावर अजिबात नाही. त्यांच्या कष्टाची खरी किंमत होण्यासाठी वापरणाऱ्यांकडून आलेली खबर यादीत नोंदली गेली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रत्येक नोंदीपुढे रिपीटर शेवटचा चालू आढळल्याची तारीख हवी, आणि कोणी, कुठून, कसल्या सेटवरून उघडला ते हवे. नकाशावर वर्तुळ काढून ‘एवढा परिसर’ असे दाखवणे सह्याद्रीत फसवे ठरते. भोवतालच्या जमिनीपासून अँटेना ९०० मीटर उंच असेल, तर हिशोबाने तिचे क्षितिज सव्वाशे किलोमीटरच्या आसपास येते. पण तो हिशोब समुद्रासारख्या सपाटीचा आहे. मध्ये डोंगराची एक सोंड आली की दहा किलोमीटरवरही काही ऐकू येत नाही. त्यापेक्षा ‘पाटण एसटी स्थानकातून हातातल्या सेटवर उघडतो, हेळवाकच्या पुढे उघडत नाही, पोफळीत गाडीवरच्या अँटेनाने उघडतो’ अशी एक ओळ प्रवाशाला शंभरपट उपयोगी आहे. न उघडल्याची नोंदही तितकीच मोलाची. आपण लोक उघडला तर सांगतो, न उघडला तर आपल्याच सेटला दोष देऊन गप्प बसतो. सहा महिन्यांत कोणीच ऐकला नसेल तर नोंद काढून टाकू नये, तिच्यापुढे ‘खात्री नाही’ असे लिहावे.

वीज गेल्यावर रिपीटर किती तास चालतो आणि तशी चाचणी कधी घेतली, हेही यादीत हवे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा वीज आणि मोबाइल दोन्ही गेले आणि श्रीवर्धन-मुरुडकडे ते कित्येक दिवस परतले नाहीत. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हाही बाहेरगावच्या नातेवाइकांना घरच्यांचा पत्ता लागत नव्हता. अशा वेळी मोबाइल टॉवरसोबतच बंद पडणारा रिपीटर काय कामाचा, हे आधीच माहीत असलेले बरे. कोयनेच्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाच्या वेळी मी पहिलीत होतो. वडील दोन दिवस पाटणकडच्या आत्याच्या खुशालीची वाट बघत अंगणात बसून होते, ते मला अजून दिसते.

मोठ्या आपत्तीत रिपीटरच कोसळू शकतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम रेडिओच्याच मोहिमेसाठी अंदमानात होते. त्यांनी पोर्ट ब्लेअरहून मुख्य भूमीपर्यंत निरोप पोहोचवले ते लघुलहरींवर, कोणत्याही रिपीटरशिवाय. म्हणून प्रत्येक जिल्ह्याच्या यादीत, रिपीटर बंद असेल तर सगळ्यांनी कोणत्या सिम्प्लेक्स (रिपीटरशिवाय सेट ते सेट थेट बोलण्याच्या) फ्रिक्वेन्सीवर आणि तासाच्या कोणत्या दहा मिनिटांत ऐकत राहायचे, हे ठरवून छापले पाहिजे.

यादी अशी ताजी ठेवणे जमणारे आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर एक हॅम रिपीटर आहे. १४५.९९० वर ६७ हर्ट्झच्या टोनसह बोलायचे आणि ४३७.८०० वर ऐकायचे. अंतराळवीर बाहेर पडणार असतील किंवा एखादे यान जोडले जाणार असेल, तर तो बंद ठेवतात आणि तसे आधी जाहीर करतात. चारशे किलोमीटर उंचीवरच्या यंत्राची खबर कराडमध्ये बसून मला मिळते. शंभर किलोमीटरवरच्या घाटातल्या यंत्राची मिळत नाही.

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतल्या हॅम मंडळींना माझी विनंती आहे. मे महिन्यातला एक रविवार ठरवून सगळे रिपीटर एकाच दिवशी तपासू. निकाल एका कागदावर आणून जिल्हा प्रशासनाच्या मान्सूनपूर्व बैठकीत ठेवू. तो नियंत्रण कक्षात भिंतीवर छापील स्वरूपात लागावा, कारण वीज गेल्यावर संगणक उघडत नाही. आपल्या दैनिकाने तोच कागद जूनच्या पहिल्या आठवड्यात तारखेसह छापला, तर त्याचे कात्रण गाडीच्या खणात राहील.

स्वस्तातला सेट घेऊन ट्रेकला निघणाऱ्या तरुणांनाही दोन शब्द. यादी मिळाली म्हणजे बोलण्याचा परवाना मिळाला असे नाही. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखेची परीक्षा द्यावी लागते. तिच्यात रिस्ट्रिक्टेड आणि जनरल असे दोन दर्जे आहेत आणि थोडा अभ्यास केला तर ती अवघड नाही. मोबाइलला रेंज असेल तर आधी ११२ लावावा. आणि परवानाधारकांनी संगणकाशिवाय, सेटवरच्या बटणांनी टोन बदलायचा सराव घरी करावा. पावसात, अंधारात, ओल्या बोटांनी ते पहिल्यांदा करायची वेळ येऊ नये. माझ्यावर आली होती आणि मला जमले नाही.

सुरुवात मी करतो. मेच्या शेवटच्या रविवारी कराडहून कुंभार्लीने चिपळूण, तिथून संगमेश्वर, साखरपा आणि आंबा घाटाने मलकापूर, मग परत कराड असा फेरा मारून, कुठे कोणता रिपीटर उघडला आणि कुठे नाही, ते वेळेसह लिहून आपल्या कार्यालयात आणून देतो.

आपला,
एक हॅम रेडिओचालक वाचक, कराड