माळवदाखालचा धोका

संपादक महोदय,

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागातल्या भूकंपात जीव घेतले ते माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांनीच. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे साडेचार-पाच टन वजन. गळती थांबवायला नवी माती टाकली की ते वाढतेच. भिंती जाड, पण दगडाच्या दोन पदरांमध्ये नुसता चिखल आणि चिपा. हादऱ्याने पदर सुटतात, बाहेरचा फुगून ढासळतो आणि माळवद खाली येते.

अशी घरे अजून वापरात आहेत. आधी माती उतरवावी. मग दोन्ही पदर एकत्र बांधायला भिंतीत साधारण दर तीन-चार फुटांवर दगड काढून आरपार भोक पाडावे, आकडा वळवलेली सळई घालून काँक्रीट भरावे. भोके एकदम पाडू नयेत, भिंत तिथेच बसेल. फुगवट्यावर सिमेंटचा गिलावा ही निव्वळ धूळफेक.

– एक स्थापत्य अभियंता, उमरगा