सच्या, पिंट्याला रागवायला ये

प्रिय सच्या,

बरा असशील. आईचा गुडघा तसाच, बाबांची शुगर कंट्रोलमध्ये. फोनवर तू "मीटिंगमध्ये आहे रे" म्हणणार, म्हणून लिहितोय. आणि हे तुझ्याशिवाय कुणाला कळायचंही नाही.

आमचा ओम्या टोकियो रिव्हेंजर्स ही जपानी ॲनिमे सीरियल बघतोय सध्या. डीपीला मायकीचा फोटो. जेवताना त्याच्याबरोबर बसलो आणि मग रात्री एकट्यानं पुढचं बघत सुटलो. कार्टून म्हणून हसू नकोस. मायकी म्हणजे मांजिरो सानो, शाळकरी पोरगा, अंगानं बारका, पण टोकियोतल्या बाईकवाल्या गँगचा म्होरक्या, एका लाथेत समोरचा आडवा. ओम्याला तेवढंच दिसतं. मला दिसलं ते वेगळंच. हा एवढा मोठा भाई हॉटेलात लहान पोरांची थाळी मागवतो आणि भातावर झेंडा नाही म्हणून रुसून बसतो, मग त्याचा दोस्त ड्राकेन खिशातनं झेंडा काढून भातात रोवतो. तिथं मला रडू आलं गड्या. पिंट्या आठवला, मिसळीबरोबर पाव दिसला की ताट सरकवून बसायचा, ब्रेडच पाहिजे, आणि त्याचा थोरला भाऊ न बोलता उठून ब्रेड आणायचा.

मायकीचाही थोरला गेलेला. 2003 मध्ये. मायकीला वाढदिवसाला बाईक द्यायची म्हणून त्याचे दोन दोस्त, बाजी आणि कझुतोरा, दुकान फोडतात, दुकान नेमकं त्याच्याच भावाचं, आणि कझुतोराच्या हातनं भाऊ मरतो. पुढं 2005 च्या 31 ऑक्टोबरच्या मारामारीत मायकी कझुतोराला जिवानिशी मारायला उठतो, तेव्हा आधीच भोसकलेला बाजी स्वतःच पोटात सुरा खुपसून घेतो, का तर आपला जीव कझुतोरानं घेतला असं मायकीला म्हणता येऊ नये म्हणून. सांग, असा दोस्त कुठं मिळतो?

आणि हॉस्पिटलचा सीन. यांच्या भांडणात जिचा काही संबंध नाही अशी पोरगी बेशुद्ध पडलीय, तिचा बाप शिव्या घालतोय, मायकीला काही वाटत नाही आणि ड्राकेन त्याचं डोकं धरून खाली वाकवतो. तू पिंट्याची कॉलर धरून भुर्जीवाल्या काकांच्या पाया पडायला लावलंस ना, अगदी तसं. त्यावरनं आपण दोघं महिनाभर बोललो नव्हतो. सगळ्यांसमोर नको होतं हे मी आजही म्हणेन, पण ते तूच करू शकत होतास हेही खरं.

थोरला गेल्यापासनं पिंट्याकडं बघवत नाही. संध्याकाळी तालमीपुढं नवी पोरं, 'भाई'चे बॅनर, तलवारीनं केक. आपल्या बॅचचं एक कोण नाही त्यात. मागच्या आठवड्यात त्याचं नाव घेऊन पोरांनी एका डिलिव्हरीवाल्याला मारला, पिंट्या तिथं नव्हताही. रात्री दुकानावर आला, शटर अर्धं खाली होतं, आत येऊन बसला आणि किती तरी वेळ काहीच बोलला नाही. जाताना म्हणाला, "सच्या काय म्हणतोय?" एवढंच. भावा, मला झोप लागली नाही.

कारण त्या सीरियलमध्ये भविष्यातनं मागं आलेला ताकेमिची म्हणून एक पोरगा आहे, त्याला मायकी एकच गोष्ट मागतो, मी वाट चुकलो तर मला रागव, दादा रागवायचा तसं. पैसे नाही, साथ नाही, रागव. आणि पुढं एका भविष्यात तो आपल्याच दोस्तांना संपवून मनिलात एकटा जाऊन बसतो, ताकेमिची तिथं पोचतो तेव्हा त्यालाच म्हणतो मला मारून टाक. बारा वर्षांत त्याला कोण रागवलंच नाही रे. भाईला कोण रागवणार? पोरं तर तो म्हणेल तेच खरं म्हणणार. पिंट्याला मी बोलून बघितलं, माझं तो हसून ऐकतो, चहा सांगतो आणि विषय बदलतो. त्याला लहानपणापासनं दोघांचाच धाक, त्यातला एक गेला.

तुझं काय, फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार, चिनूला पापा. जॉबचं होईल, टेन्शन घेऊ नको.

शनिवारी रात्री निघ. आई तांबडा-पांढरा करतो म्हणालीय. पण पिंट्याला आधी कळवू नकोस, तो सगळी पोरं घेऊन स्टँडवर येईल, आणि पोरांसमोर ना तुला काही बोलता येईल ना त्याला ऐकून घेता येईल. थेट दुकानावर ये, त्याला मी बोलवतो.

तुझाच,
राजा