साध्या फोनलाही टाइप-सी हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमळनेरला माझे मोबाइल दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. कापूस वेचणी सुरू झाली की चार्जिंगच्या जॅकमध्ये कापसाचे तंतू आणि धूळ ठासून भरलेले फोन घेऊन लोक येतात. ‘भाऊ, हाऊ चार्जच व्हत नही.’ त्यातले बरेच फोन बटनवाले किंवा पाच-सात हजारांचे असतात आणि त्यांना अजून मायक्रो यूएसबी, म्हणजे आमची ‘बारीक पिन’ असते. अंधारात घाईने उलटी घातली की जॅकमधली जीभ वाकते. रात्री वीज आल्यावर ज्याला फोनवरून शेतातली मोटर सुरू करायची असते, त्याचा फोन बंद पडला तर पिकाचे पाणी राहून जाते.

टाइप-सी, म्हणजे उलटसुलट कशीही बसणारी पिन, २०१४ सालीच आली. मग स्वस्त फोनमध्ये बारीक पिन का टिकली, असे गिऱ्हाईक विचारते. पैसा हे एक कारण आहेच. पण सुट्या भागांच्या टंचाईबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

२०२१ साली जगभर चिपचा तुटवडा होता. गणेश चतुर्थीला, १० सप्टेंबरला येणारा जिओफोन नेक्स्ट त्याच कारणाने दिवाळीपर्यंत लांबला. ६,४९९ रुपयांचा तो फोन आला तेव्हा त्यालाही मायक्रो यूएसबीच होती. ती निवड टंचाईमुळेच झाली असे मी म्हणत नाही. पण टंचाईत कारखाना कसा विचार करतो ते बोर्ड उघडल्यावर कळते. जॅक हा नुसता पत्रा आणि प्लास्टिक, त्याची टंचाई क्वचितच पडते. कमी पडतात त्या त्याच्यामागच्या, वीज सांभाळणाऱ्या चिप. त्यातल्या बऱ्याच चिप आठ इंची वेफरच्या, म्हणजे ज्यावर चिप कोरतात त्या सिलिकॉनच्या चकतीच्या, जुन्या कारखान्यांत बनतात आणि तिथे नवे पैसे घालायला फारसे कोणी तयार नसते. जॅक बदलायचा तर बोर्डाची आखणी बदलते, चाचण्या पुन्हा कराव्या लागतात, आणि नवी चिप वेळेवर मिळेल याची खात्री नसते. मग जे हाताशी आहे आणि पास झालेले आहे, तेच पुढे चालते.

दुसरा प्रकार मला जास्त खटकतो. बाहेरून टाइप-सी, आत काटकसर. टाइप-सीचा चार्जर समोरच्या उपकरणात ५.१ किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा देणारा बारीक भाग, सापडल्याशिवाय वीजच सोडत नाही; पिन दोन्ही बाजूंनी बसते म्हणून असे दोन लागतात. दोन्ही मिळून काही पैशांचे काम, पण स्वस्त टॉर्च, ट्रिमर आणि काही बटनवाल्या फोनमध्ये तेवढेही गाळलेले असतात. मग मुलाच्या नव्या चार्जरने, दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने, बापाचा फोन चार्ज होत नाही आणि माणूस बस धरून दुकानात येतो. जुना चार्जर रेझिस्टर तपासत नाही, म्हणून मी जुन्या चपट्या टोकाच्या केबलने तो चालू करून दाखवतो. पैसे घेववत नाहीत.

युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना टाइप-सी बंधनकारक केले. त्याआधीच, सप्टेंबर २०२३ मध्ये, आयफोननेही लायटनिंग ही आपली वेगळी पिन सोडली. आपल्याकडे १६ नोव्हेंबर २०२२ च्या बैठकीत ग्राहक व्यवहार विभागासमोर स्मार्टफोन, टॅबलेट आणि लॅपटॉपसाठी टाइप-सीवर एकमत झाले. भारतीय मानक ब्युरोने त्याचे मानकही काढले. बटनवाल्या फोनसाठी मात्र वेगळा जॅक ठेवता येईल, अशी चर्चा त्याच बैठकीत झाली. खान्देशातल्या शेतकऱ्याच्या, मजुराच्या खिशात नेमका तोच फोन आहे! ज्याच्या घरी एकच चार्जर परवडतो, त्यालाच वेगळा चार्जर का?

आता एआयच्या डेटा सेंटरमुळे मेमरी चिप महागल्या आहेत. स्वस्त फोन बनवणारा ती झळ कुठेतरी काढणारच, आणि जॅकवर काढणे सर्वात सोपे. म्हणून सरकारने बटनवाले फोनही टाइप-सीच्या नियमात घ्यावेत, त्या दोन रेझिस्टरची तपासणी विक्रीआधी व्हावी, आणि ‘दोन्हीकडून सी केबलवर चार्ज होतो’ हे खोक्यावर मराठीत छापणे सक्तीचे करावे.

आपला,
एक मोबाइल दुरुस्ती कारागीर
अमळनेर, जि. जळगाव