माती तपासणाऱ्या ताईंना जाहीर आभारपत्र

ताई,
सा. न. वि. वि.

दरवर्षी निकाल लागले की मला सिव्हिल इंजिनिअरिंगच्या ज्युनिअर मुलामुलींचे फोन सुरू होतात. सगळ्यांचा प्रश्न एकच, "आधी एम.टेक. करू की आधी नोकरी?" त्यांना मी जे सांगते ते सगळं तुमचं असतं. उसनं ज्ञान किती दिवस स्वतःच्या नावावर खपवायचं, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. तुमचं नाव मात्र कुठे घालत नाही. घातलं तर पुढचे दोन महिने तुम्ही माझा फोन उचलणार नाही, एवढं तुम्हाला ओळखते.

तुमच्या लॅबमध्ये मी आले होते ती शिफारसपत्रावर सही घ्यायला. सल्ला नको होता, तो घरबसल्या ढिगाने मिळत होता. पुण्याचे मामा म्हणत होते, एकदा गॅप पडला की संपलं. शेजारचे म्हणत होते, नुसत्या बी.टेक.ला आता कोण विचारतं. शहरातल्या एका कन्सल्टन्सीने तर परदेशातल्या एम.एस.ची यादीच हातात ठेवली होती, वर "मॅडम, सीट भरत आल्यात" ही घाई. विषय कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट. कर्ज 35 लाखांच्या घरात. बँका शेतजमीन सहसा तारण घेत नाहीत, म्हणून अण्णांनी तासगावातला प्लॉट तारणाला काढायची तयारी केलेली. द्राक्षबागेवरचं पीककर्ज डोक्यावर होतंच.

तुम्ही पेनाचं टोपण काढलंत आणि विचारलंत, "मॅनेजमेंट करायचंय ना? आजवर किती साईट बघितल्यास?"

माझ्याकडे सांगण्यासारखी एकच साईट होती, कॉलेजच्या सहलीतलं कोयना धरण, तेही ग्रुप फोटोपुरतं.

तुम्ही हसला नाहीत, याचे आधी आभार. बोअरलॉगचा (जमिनीत भोक पाडल्यावर कुठल्या खोलीला कुठली माती लागली त्या नोंदीचा) एक वाया गेलेला कागद उलटा केलात आणि त्यावर विषय लिहायला लागलात. स्ट्रक्चरल, जिओटेक्निकल (म्हणजे माती आणि पाया), हायड्रॉलिक्स ही नावं वर. इथे डिझाईन ऑफिसात बसायचं तर एम.टेक. लागतंच, ती पदवी नसेल तर माणूस वर्षानुवर्षं ड्रॉइंग आणि साईट यांच्यातच फिरत राहतो. कॉलेजात शिकवायचं असेल तर एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या, नियमानेच पदव्युत्तर पदवी हवी. त्या पोरांना थांबवण्यात अर्थ नाही, असं तुमचं म्हणणं. कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट आणि एमबीए खाली. तिथे वर्गातला निम्मा धडा शेजारच्या बाकावरच्या माणसाच्या अनुभवातून मिळतो, आणि आपल्याकडे द्यायला काहीच नसेल तर आपण फी भरून ऐकून येतो. अहमदाबादच्या आयआयएमचा एका वर्षाचा पीजीपीएक्स हा एमबीएचा कोर्स चार वर्षांच्या अनुभवाशिवाय अर्जच घेत नाही, हे तेव्हा तुमच्याकडून कळलं. दोन वर्षांची एमबीए अनुभवाशिवाय मिळते, तिथे फ्रेशर्स भरपूर असतात, हेही तुम्ही लपवलं नाहीत. मग कोपऱ्यात व्याजाचा हिशेब मांडलात: दहा टक्के धरलं तरी 35 लाखांवर वर्षाला साडेतीन लाख. शिकत असताना आणि पुढे साधारण वर्षभर बँक हप्ता मागत नाही, पण व्याजाचं मीटर चालूच राहतं. "आता या आकड्याशेजारी तुझा पहिला पगार लिही," म्हणालात. मला लिहिता आला नाही, कारण त्या विषयात फ्रेशरला कोण काय देतं याची मला सुतराम कल्पना नव्हती. कन्सल्टन्सीच्या माहितीपत्रकात पॅकेज होतं, पण ते कुणाचं हे नव्हतं.

आणि तरीही सही केलीत! "अर्ज कर, मी अडवणार नाही. पण तुला माहीत असू दे." हे मला फार मोठं वाटतं. आपल्याकडे सल्ला देणारा माणूस तो ऐकला जावा म्हणून हट्टाला पेटतो.

माझी खरी भीती मी त्या दिवशी बोललेच नव्हते. ती तुम्ही दुसऱ्यांदा भेटल्यावर काढून घेतलीत. मुलगी नोकरीला लागली की घरात स्थळं सुरू होतात, आणि मग कुठलं एम.टेक. न् कुठलं काय. मुलांना "दोन वर्षं काम कर, मग शीक" सांगणं सोपं आहे. तेच मुलीला सांगताना बहुतेक लोक हा भाग गिळून टाकतात. तुम्ही गिळला नाहीत. "ही भीती खोटी नाही, माझ्या वर्गातल्या किती जणी अशाच राहून गेल्या," असं म्हणून तुम्ही गेटचा, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेचा, विषय काढलात. अभ्यास ताजा आहे तोवर फायनलला असतानाच गेट दे. स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो. म्हणजे घरी सांगायला तुझ्याकडे तारीख असेल. "कधीतरी शिकेन" याला घरचे मान देत नाहीत, पण "या मार्चनंतर हा स्कोअर रद्द होतो" याला देतात.

गेटच्या स्कोअरचा असा उपयोग मी कुठल्याच क्लासमध्ये ऐकला नव्हता. आमच्याकडे तो अक्षरशः लागू पडला. निकालाच्या कागदाची झेरॉक्स आईने देवघराशेजारच्या कॅलेंडरमागे खोचून ठेवली होती आणि स्थळ घेऊन आलेल्या आत्याला ती काढून दाखवली. गेटमधून गेलं की पूर्णवेळ एम.टेक.ला महिना 12,400 रुपये स्टायपेंड मिळतो, हे आत्याला आईनेच सांगितलं, मला तोंड उघडायची वेळ आली नाही.

मग तुमच्याकडे ट्रेनी म्हणून लागले. पगार सांगण्याजोगा नव्हता, हेही जाहीर पत्रात लिहायलाच हवं. पण जे बघायला मिळालं ते तसं दुसरीकडे मिळालं नसतं. सांगलीतल्या शंभर फुटी रोडच्या पलीकडचा तो प्लॉट आठवतो? मे महिना होता आणि काळ्या रानाला मनगट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. तिवई उभी करून ड्रिलिंगवाल्यांनी हॅमर बांधला. साडेत्रेसष्ट किलोचं वजन 75 सेंटिमीटरवरून सोडायचं आणि नळी 30 सेंटिमीटर खाली जायला किती ठोके लागतात ते मोजायचं, एन व्हॅल्यू, म्हणजे माती किती घट्ट आहे त्याचा आकडा, तो एवढाच, आणि परीक्षेत मी ते पाठ लिहून मार्क मिळवले होते. साईटवर मी पहिले 15 सेंटिमीटरही बेरजेत धरायला निघाले तेव्हा दोरी ओढणारे मामा म्हणाले, "मॅडम, पहिलं धरायचं नसतंय. वरची माती हललेली असती की." तो माणूस सातवी पास होता. पुस्तकात हेच वाक्य आहे, पण "हललेली माती" म्हणजे काय हे मला तिथे उभं राहिल्यावर समजलं.

लॅबमधलं तुमचं लाडकं काम म्हणजे फ्री स्वेल, माती पाण्यात किती फुगते ती चाचणी. ओव्हनमध्ये वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन नळ्यांत घालायची, एकीत केरोसीन, दुसरीत पाणी, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावायचा नाही. केरोसीनमधली माती होती तशीच बसून राहते. पाण्यातली आपल्या काळ्या रानाची माती सकाळी बघितली तर जवळपास दुप्पट वर आलेली. मी दोन्ही नळ्या उजेडात शेजारी धरून कितीतरी वेळ बघत बसले होते, आणि तुम्ही मागून म्हणालात, "आता कळलं गावभागातल्या भिंती का चिरतात?" 2019 च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोका पातळी 45 फुटांची असताना पाणी 57 फुटांवर गेलं होतं. त्यानंतर आमच्या मावशीच्या घराला गेलेल्या चिरा दोनदा लिंपूनही परत उघडायच्या. सगळे म्हणायचे पुराने पाया खचला. खचलाही असेल, पण दर पावसाळ्यात फुगून दर उन्हाळ्यात आकसणाऱ्या मातीवर उथळ पाया ठेवला तर चीर पूर नसतानाही जाते. अशा मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर केलेले खोल खांब, काढणारी रुरकीची सीबीआरआय ही इमारत संशोधन संस्था आपल्याच देशातली आहे. तरी सांगलीत कितीजण घर बांधताना मातीचा रिपोर्ट काढतात, हे तुम्हाला मी काय सांगू.

मग मला विषय सुचला, जिओटेक्निकल, आणि कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

लोकांना वाटतं तुम्ही सगळ्यांनाच "आधी नोकरी" सांगता. माझ्याच वर्गातला एकजण तिसऱ्या वर्षापासून फक्त भूकंपरोधक डिझाईनबद्दल बोलायचा, त्याला तुम्ही एक दिवसही थांबू दिलं नाहीत. "याला कशात करायचंय ते ठरलेलं आहे, साईटवर वेळ का घालवायचा?" तो थेट गेला आणि त्याचं उत्तम चाललंय. तुमचा तराजू एकच होता, समोरच्याला कुठल्या प्रश्नाचं उत्तर शोधायचंय ते त्याला माहीत आहे की नाही.

एका बाबतीत अजूनही तुमच्याशी माझं पटत नाही. सिव्हिल करून हिंजवडीत कोडिंगला बसलेल्यांचा अनुभव तुम्ही अनुभवात धरत नाही. एम.टेक.च्या दृष्टीने धरू नये, मान्य. पण माझ्या रूममेटने त्याच पगारातून घरचं सोसायटीचं कर्ज फेडलं आणि आता ती निवांतपणे काय शिकायचं ते ठरवतेय. तुमच्या कागदावर तिच्यासाठी रकाना नव्हता. पुढच्या वेळी आखा.

अण्णांनी तुम्हाला निरोप द्यायला सांगितलाय. त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट बागेतूनच कळते, तर ते म्हणतात, "एप्रिलची खरड छाटणी केल्याशिवाय ऑक्टोबरात घड मागू नये, हे मला ठाऊक होतं, पोरीच्या बाबतीत बाईंनी आठवण करून दिली." प्लॉट अजून आमच्याच नावावर आहे. त्यावर मातीची तपासणी न करता काही बांधायचं नाही, अशी माझी घरात धमकी आहे.

मी त्या गेटच्या स्कोअरवरच सीसीएमटीतून, म्हणजे एम.टेक.च्या केंद्रीय प्रवेशफेरीतून, जागा घेतली, त्याची मुदत संपायच्या आत. वर्गात अर्धेजण थेट आलेत आणि गणितात माझ्या कितीतरी पुढे आहेत. इंटिग्रेशन हात सोडून गेलं होतं, पहिली सेमिस्टर त्यातच गेली. अनुभव घेऊन येणाऱ्यांनी ही किंमत धरून चालावं. पण सर बोअरलॉग फळ्यावर लावतात तेव्हा मागच्या बाकापर्यंत सगळे माझ्याकडे वळून बघतात.

आता कामाचं. प्रबंधाला विषय मिळालाय: काळी माती चुन्याने आणि साखर कारखान्यातल्या बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) राखेने स्थिर करणं. राखेचं बघते, आपल्या जिल्ह्यात तिला तोटा नाही. माती तुमच्याकडून लागेल. दिवाळीत येतेय, तोवर त्याच शंभर फुटीच्या बाजूची तीन-चार पोती काढून ठेवता येतील का? वरचा भराव नको, दीड मीटरच्या खालची हवी. दोरीवाल्या मामांना सांगा, ठोके यावेळी मी नीट मोजेन.

तुमची,
जुनी ट्रेनी