‘९५ टक्के अचूक’ चाचणी, पण किती जणांवर?

महोदय,

नव्या रोगनिदान चाचणीची बातमी आली की मथळ्यात ‘९५ टक्के अचूक’ असे काहीतरी असतेच. हा आकडा किती जणांवरून काढला, हे बातमीत क्वचितच सापडते.

समजा, ३० रुग्ण आणि ३०० निरोगी व्यक्तींची चाचणी केली. २९ रुग्ण पकडले गेले, २८५ निरोगी व्यक्ती निगेटिव्ह आल्या. ३३० पैकी ३१४ निकाल बरोबर, म्हणून ९५ टक्के. पण डोळे मिटून सगळ्यांनाच ‘निगेटिव्ह’ सांगितले असते तरी ९१ टक्के उत्तरे बरोबर आली असती, एकही रुग्ण न सापडता! म्हणून संवेदनशीलता (रुग्णांपैकी किती पकडले) आणि विशिष्टता (निरोगींपैकी किती निगेटिव्ह आले) वेगवेगळ्या सांगायला हव्यात.

येथे संवेदनशीलता ९६.७ टक्के दिसते, पण ती केवळ ३० रुग्णांवर उभी आहे. संख्याशास्त्रज्ञ विल्सन यांच्या १९२७ च्या सूत्राने ९५ टक्के विश्वास-अंतराल (नमुन्याचा आकार लक्षात घेता खरा आकडा ज्यात असावा असा पट्टा) काढला तर तो ८३.३ ते ९९.४ येतो. म्हणजे प्रत्यक्षात सहापैकी एक रुग्ण निसटत असला, तरी या आकडेवारीला ते विसंगत नाही. पाठ्यपुस्तकातले सोपे सूत्र (प्रमाण अधिक-उणे १.९६ गुणिले प्रमाणित त्रुटी, म्हणजे नमुन्यागणिक प्रमाणात पडणाऱ्या फरकाचे माप) इथे वापरू नये, ते वरची मर्यादा १०३ टक्के देते. ३० पैकी ३० रुग्ण पकडले गेले, तर तेच सूत्र अनिश्चितता शून्य दाखवते. विल्सनची खालची मर्यादा तेव्हाही ८८.६ असते. संवेदनशीलता ९० टक्क्यांच्या आसपास असेल आणि ती अधिक-उणे ५ टक्क्यांत बांधायची असेल, तर सुमारे १४० रुग्ण लागतात. दहात एक रुग्ण सापडत असेल, तर तेवढ्यासाठी १४०० जण तपासावे लागतील.

विशिष्टतेचा पट्टा ९१.९ ते ९६.९ आहे. अरुंद वाटतो खरा, पण हजारात १० रुग्ण असलेल्या वस्तीत हीच चाचणी केली तर विनाकारण पॉझिटिव्ह ठरणारे सुमारे ३० असतील की ८०, हे या पट्ट्यातच दडलेले आहे.

नमुना वाढवून न सुटणाऱ्या चुका वेगळ्याच. ‘अनिर्णित’ निकाल हिशेबातून वगळतात: रुग्णांमधले असे चार निकाल गाळले असतील, तर २९/३० हे खरे तर २९/३४, म्हणजे ८५ टक्केच. पॉझिटिव्ह आलेल्यांचीच बायोप्सी केली, तर निसटलेले रुग्ण कधी कळतच नाहीत आणि संवेदनशीलता फुगते. ज्या नमुन्यांवरून पॉझिटिव्ह-निगेटिव्हची सीमारेषा ठरवली त्यांच्यावरच अचूकता मोजली, तरी आकडा फुगतोच. एकाच रुग्णाचे दोन डोळे हे दोन स्वतंत्र रुग्ण धरले, तर विश्वास-अंतराल सहसा खोटा अरुंद होतो. बळावलेला आजार आणि ठणठणीत स्वयंसेवक एवढ्यांचीच तुलना केली, तर कोणतीही चाचणी हुशार वाटते. संशयित रुग्णांच्या रांगेत तिचे खरे रूप दिसते.

अशा अभ्यासांचे अहवाल कसे लिहावेत यासाठी ‘स्टार्ड’ ही तपासणी-यादी २००३ पासून आहे. तिच्या २०१५ च्या आवृत्तीत अचूकतेच्या अंदाजातील अनिश्चिततेचे विश्वास-अंतरालासारखे माप आणि अनिर्णित निकालांचे काय केले, हे दोन्ही मागितले आहे. आपल्या वार्ताहरांनी निदान २९/३० आणि २८५/३०० हे दोन अपूर्णांक आणि त्यांचे पट्टे छापावेत. एका ओळीत मावतात.

– जैवसंख्याशास्त्राचा एक अभ्यासक