मिरची खात नाही म्हणून

खानापूर,
गुरुवार, रात्र

चि. अनघास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन ठेवलास तेव्हा आई स्वयंपाकघरात होती, कुकरच्या आवाजात तिला काही ऐकू गेलं नाही. बाहेर येऊन विचारलंन, "काय म्हणत होती?" मी म्हटलं, तिचा सरडा, ती मिरची, जेवेना झालाय, गणपतीच्या चवथीचं बघते म्हणाली. येत नाही असं मी सांगितलेलं नाही. तूही तसं सरळ म्हणाली नव्हतीस. तेव्हा तिकिटाचं या पत्रात विचारायचं नाही असं ठरवूनच बसलोय. राजूने फोनवर मराठी टायपिंग घालून दिलंय, पण चार ओळींच्या पुढे लिहायचं तर मला कागदच लागतो. तो उद्या फोटो काढून पाठवेल.

"सरड्यापायी कोण घरी यायचं थांबतं" असं मी म्हणालो ते तुला लागलं. लागायला नको होतं असं नाही. पण मी नोकरीभर लोकांना सांगत हिंडलो की मुकं जनावर आहे, पाहुणे-रावळे राहू देत, आज रात्र म्हशीपाशी बस. तेव्हा त्या वाक्यावर आपण दोघांनीही फार थांबायला नको. कामाचं बोलू.

जनावराने चारा सोडला म्हणून बोलावणं आलं की मी आधी सुई काढत नसे. आधी विचारपूस. केव्हापासून, पाणी पिते का, शेण कसं टाकते, व्यायला किती दिवस. दवाखान्याची वही कानडीत भरायची, विचारपूस मराठीत चालायची, आणि निम्मा रोग त्या विचारपुशीतच सापडायचा. तूही फोनवर बोलता बोलता एक गोष्ट सांगून गेलीस आणि तुझ्या ते लक्षातही आलं नाही. मिरची वरच्या फांदीवर थांबत नाही, सारखी खाली उतरते आणि कुंडीतली माती उकरते, असं म्हणालीस. तू त्याला कंटाळा म्हटलंस. मला मात्र झोप लागेना. पहाटे उठून दिवा लावला आणि वाचत बसलो.

अनू, ती बहुतेक अंड्यांवर आली आहे.

नर नाही तर अंडी कुठली म्हणशील. कोंबडी घालते ना कोंबड्याशिवाय, तसंच. तुझी ती येमेनकडची जात, डोक्यावर उंच तुरा असलेली. त्यांच्या माद्या वर्षाच्या आत वयात येतात आणि नर जन्मात पाहिलेला नसला तरी अंडी धरतात. वीस-तीस तर सहज, कधी साठ-सत्तरही. पोटात तेवढी अंडी मावली की अन्नाला जागा कुठली उरायची? घालायच्या आधी काही दिवस ती खाणं कमी करते, मग बंदच करते आणि जागा शोधत फिरते. हिरव्या अंगावर काळपट छटा येऊन पिवळे-निळे ठिपके उठलेत का बघ. मादीच आहे ना, याची मात्र एकदा खात्री कर. मागच्या पायाच्या टाचेवर काटा असतो तो नर. तो नाही असं तू मागे म्हणाली होतीस, तरी उजेडात पुन्हा बघ.

कुंडीतल्या वीतभर मातीत तिचं काही भागणार नाही. एक फूट तरी खोल वाळू लागते, आणि तीही दमट. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. कोरडी असेल तर ती बीळ खणेल आणि ते ढासळेल. मोठी बादली किंवा खोल टब घे, पिंजऱ्यात ठेव आणि समोरून फडकं लाव. मग बघत बसू नकोस. आपल्याकडे कोणीतरी बघतंय असं वाटलं तर ती खणणं अर्ध्यावर टाकते. तुला न बघता राहणं जमत नाही, हे मला ठाऊक आहे. गौरीची गाय व्यायला आली होती तेव्हा गोठ्याच्या फटीला डोळा लावून पहाटेपर्यंत कोण बसलं होतं?

जागा मिळाली नाही तर अंडी आत अडतात. त्याची मला भीती आहे. अंड्यांच्या कवचाला कॅल्शियम लागतं, ते ती हाडांतून काढते, रक्तातलं कमी झालं की स्नायू आवळेनासे होतात आणि मग अंडं पुढे सरकत नाही. हे मला कोणी वेगळं शिकवायला नको. जांबोटीकडच्या एका वाडीवर भर पावसात व्यालेली म्हैस पडली होती. मान वळवून कुशीवर टाकलेली, कान गार, डोळ्यांपुढे हात नेला तरी पापणी हलत नव्हती. तू तेव्हा माझ्याबरोबर होतीस, चौथीत असशील. कॅल्शियमची बाटली चुलीवरच्या गरम पाण्यात तूच धरून बसलीस. शिरेतून सोडताना मी घाई करत नव्हतो, ते धावतं गेलं तर हृदय थांबतं, आणि तू सारखी म्हणत होतीस, "बाबा, लवकर सोडा की." बाटली संपत आली तशी तिच्या अंगावर काटा आला, कातडी थरथरली, तिने ढेकर दिला, पो टाकला आणि उभी राहिली. घरी येऊन तू आईला सांगितलंस की मीच उठवली. मी काही बोललो नाही. त्या रात्री मी शांतूमामाला म्हटलं होतं, ही पोर डॉक्टर होणार. तू पुढे कॉम्प्युटरकडे गेलीस त्याचं मला काही वाटत नाही. तो विषय मागच्या दिवाळीत झालाच आहे, त्याच्या जोडीला दुसराही झाला, आता नको.

मुद्दा असा की तिने खणणं सोडलं आणि तळाशी डोळे मिटून बसली, दिवसाउजेडी, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टर. कुत्र्या-मांजरांचा नव्हे, सरपटणारी जनावरं बघणारा शोध, लीड्ससारख्या शहरात असणारच. तो एक्स-रे काढेल, अंडी मोजता येतात त्यात. मग कॅल्शियम, मग कळा आणणारं इंजेक्शन, आणि नाहीच झालं तर पोट उघडून काढावी लागतात. खर्चाला भिऊ नकोस. लागले तर सांग, मी राजूकडून पाठवतो. तिकिटाचे म्हणून बाजूला काढलेले असतील ते मोडू नकोस मात्र.

बघ, आलंच शेवटी.

अंडी नसतील असंही होऊ शकतं. म्हणून बाकीचं विचारतो, आणि उत्तरं लिहून पाठव, फोनवर तू "हो हो" म्हणतेस. वजन किती? स्वयंपाकघरातला काटा चालेल, पण रोज एकाच वेळी कर. इतक्या लहान जनावराला आठवड्यात दहा ग्रॅम उतरणं म्हणजे पुष्कळ. डोळे खोल गेलेत का? विष्ठेबरोबर पांढरं पडतं ते पांढरंच आहे की पिवळं-नारिंगी? तसं असेल तर पाणी कमी पडतंय. वाटीतलं पाणी त्यांना पाणी वाटत नाही, पानावरून ओघळणारा थेंबच ती पितात, म्हणून सकाळ-संध्याकाळ फवारा चांगला मिनिटभर हवा, नुसतं शिंतोडल्यासारखं नको. जीभ फेकते पण किडा चुकतो, असं होतं का? की फेकतच नाही? चुकत असेल तर डोळा किंवा जीभ, जीवनसत्त्व 'अ' कमी पडल्यानेही होतं. तोंडाच्या कडेला पिवळा चिकटा, मान वर करून उघड्या तोंडाने श्वास, ही लक्षणं वाईट. आणि विष्ठा डबीत घालून तपासायला दे, पोटात जंत फार झाले तर जनावराची भूक जाऊ शकते, मग ते म्हैस असो की मिरची.

दिव्याचं मी तुला आधीही विचारलं होतं. ती जांभळट नळी वर्षभरापूर्वी आणलीस ना? उजेड पडतो म्हणजे ती चालू आहे असं नव्हे. त्यातले अतिनील किरण वर्षाच्या आसपास संपत येतात, डोळ्याला ते कळत नाही. आणि खिडकीतलं ऊन पुरेल असं समजू नकोस, काचेतून ते किरण येत नाहीत. ते नसले की खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ पडतात, भूकही जाते. दिव्याखालच्या फांदीवर तिला एकोणतीस-तीस अंश मिळू देत. गार अंगाने सरड्याला अन्न पचत नाही, मग तो खातही नाही.

लहान गोष्टीही बघ. कात टाकताना खात नाहीत. पिंजरा हलवला असेल, समोर आरसा असेल, तुझी ती मैत्रीण येता-जाता हात घालत असेल, तरी खात नाहीत. रोज तेच रातकिडे दिले तर तोंड फिरवतात. रेशमाच्या अळ्या डबीत विकत मिळतात म्हणालीस, त्या देऊन बघ, मऊ असतात आणि अंगात पाणीही असतं. आमच्या कर्नाटकात त्या अळ्यांसाठी अख्खं सरकारी खातं आहे, आणि तू त्या सरड्याला घालणार! असो. पण जबरदस्तीने तोंड उघडून भरवू नकोस. नाजूक जबडा असतो.

हे सगळं आदेश दिल्यासारखं झालं. माझी सवय तुला माहीत आहे, रागावू नकोस. तूही ती जात पाळायच्या आधी सगळं वाचलं असशीलच. मला काय, आपला घोयरा, तो रंग बदलणारा सरडा, तेवढा माहीत, आणि तो पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा. तो तुला आठवतो का बघ. पाऊस उघडला होता, शाळेच्या वाटेवर पोरं त्याला दगड मारत होती, विषारी म्हणून. त्याला विष नाही हे तू त्यांना ओरडून सांगत होतीस. मग माझ्या छत्रीची मूठ पुढे केलीस. पायाची बोटं दोन इकडे, तीन तिकडे, चिमट्यासारखी मुठीवर आवळून तो चढला. एक डोळा तुझ्यावर, एक माझ्यावर. वाऱ्यात हलावं तसा पुढे-मागे झुलत होता आणि काळा पडला होता भीतीने. कुंपणाच्या करवंदीवर सोडल्यावर तू शाळेत उशिरा गेलीस आणि उभी राहिलीस तासभर. बाईंना तू कारण सांगितलं नव्हतंस, आम्हाला ते नंतर गुंडूकडून कळलं. तेव्हापासूनच तू कारणं सांगत नाहीस.

म्हणून विचारतो, आणि उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. मिरचीच एवढी कारण आहे ना? दुसरं काही असेल तर तेही कारणच आहे. पण दिवाळीत आत्ती जे बोलली त्यासाठी येत नसशील तर आत्ती यंदा हुबळीला आहे, तिचं घर शिफ्ट व्हायचंय. हे मी मुद्दाम सांगत नाही, बातमी म्हणून सांगतो.

हिशेबही करून ठेवलाय, रागावलीस तरी चालेल. आता वाळू ठेवलीस तर आठवड्याभरात अंडी घालेल. घातल्यावर पोट एकदम खपाटीला जातं, तहान खूप लागते, तेव्हा पाणी, कॅल्शियम आणि भरपूर किडे. दोनेक आठवड्यांत सावरते. चवथीला त्यानंतरही दिवस उरतात. मोठी मादी रोज खात नाही, एक दिवसाआड चार-पाच किडे पुरतात, फवाऱ्याला टायमर मिळतो. म्हणजे मैत्रिणीला आठवड्याचं शिकवता येईल. पुढच्या खेपेला खाणं थोडं आखडतं ठेव आणि पिंजरा थोडा गार, अंडी कमी धरते असं वाचलं.

पण अडली असेल तर येऊ नकोस. आईला मी समजावीन. वरच्या घरातली येता-जाता विचारतात, "तुमची पोर येत्या की नाही?" त्यांनाही सांगेन की तिच्याकडे जनावर अडलंय. या तालुक्यात तेवढं कारण कोणालाही पटतं. अडलेलं जनावर सोडून देवाला ये असं मी कोणाला सांगितलेलं नाही, तुला कुठून सांगू?

वाळू खेळण्याच्या दुकानातली धुतलेली घे, बांधकामाची नको. आईचा गुडघा बरा आहे. तिला अंड्यांचं सांगितलं तर ती लगेच मिरचीचं डोहाळजेवण काढेल, म्हणून अजून बोललो नाही.

तुझा,
बाबा

ता. क. : उरलेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात ठेवू नकोस. झोपलेल्या सरड्याला ते कुरतडतात.